हाकेला ओ देणारा रेडिओ



शहरात नोकरीला असलेला मुलगा सणाला घरी येताना आईला लुगडे आणि वडिलांना धोतरजोडी आणायचा, ते दिवस आता मागे पडले. अलीकडे पिशवीतून निघतो तो एक गोल डबा, फार तर नारळाएवढा. त्याला ना खिट्टी, ना सुई, ना कान पिळायची सोय. तो फळीवर ठेवायचा, वायर भिंतीतल्या पिनमध्ये खोचायची आणि त्याला नाव घेऊन हाक मारायची. मग तो गाणे लावतो, वेळ सांगतो आणि रेडिओही लावतो. मुलगा दोन दिवस राहतो, सगळ्यांना गंमत दाखवतो आणि निघून जातो. पुढे तो डबा बहुतेक घरांत एक तर नातवंडांचे खेळणे होतो, नाही तर त्याच्यावर हातरुमाल पांघरला जातो.

असे होऊ नये म्हणून आजचा लेख. कारण माझ्या मते या डब्याचा खरा उपयोग शहरातल्या तरुण मंडळींपेक्षा शेतकऱ्याच्या घरालाच जास्त आहे. ज्याचे हात मोकळे आहेत आणि ज्याला वाचता येते, त्याच्याकडे रेडिओ ऐकायला फोन आहेच. पण जिचे हात पिठात आहेत, जो गोठ्यात शेणाने माखलेला आहे, ज्या आजीला मोतीबिंदूमुळे फोनवरची अक्षरे दिसत नाहीत किंवा कधी शाळेचे तोंडच बघायला मिळाले नाही, त्यांना नुसत्या हाकेवर आकाशवाणी लागणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. अट एवढीच, की त्या डब्याने त्यांचे ऐकले पाहिजे. आणि तिथेच गाडे अडते.

आमच्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. सून भाकऱ्या थापत होती आणि सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. डबा फळीवर होता. सासूबाईंनी दोन-तीनदा सांगून पाहिले, "अलिक्सा, पुण्याचा रेडिओ लाव गं बाई." डब्याने एकदा निळा डोळा उघडला आणि हिंदीत काहीतरी विचारले. पुन्हा सांगितल्यावर त्याने भलतेच कुठले तरी गाणे सुरू केले. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला आपलं बोलणं कळत न्हाई. इंग्रजी शाळंत गेलेलं दिसतंय." सून हसली. पिठाचे हात तसेच पुढे धरून ती मला म्हणाली, "भावजी, आत्याबाई रोज त्याच्याशी भांडत्यात. पोरगं बोललं की लगेच ऐकतंय, आमचं मात्र ऐकत न्हाई."

आत्याबाईंचे निदान अगदीच चुकीचे नव्हते. हा डबा आपल्याकडे आला तोच मुळी इंग्रजी बोलत. अॅमेझॉन कंपनीचा एको भारतात विकायला आला 2017 च्या ऑक्टोबरात, आणि गूगलचा होम 2018 च्या एप्रिलात. अलेक्सा हिंदी शिकली ती 2019 साली. फोनमधल्या गूगलच्या सहायकाला 2018 मध्येच मराठी येऊ लागली, पण फळीवरच्या डब्यांची मुख्य भिस्त अजून हिंदी आणि इंग्रजीवरच आहे. दुकानदार म्हणेल, सगळ्या भाषा येतात. घेण्याआधी त्याच्यासमोरच आपल्या बोलीत हाक मारून पाहावी आणि मगच पैसे मोजावेत.

आता हा डबा रेडिओ लावतो म्हणजे नेमके काय करतो, ते थोडक्यात पाहू. तो चालतो कसा हे कळले, की तो अडतो कुठे तेही कळते.

आपला जुना ट्रान्झिस्टर हवेतून आलेल्या लहरी पकडतो. या डब्यात तसे काही नाही. त्याच्यात बारीक माइक बसवलेले असतात आणि ते आपल्या ठरलेल्या नावाची वाट पाहत असतात. नाव कानी पडले की दिवा लागतो, आणि पुढचे आपले बोलणे घरच्या वाय-फायवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते. तिथे आवाजाचे शब्द होतात. त्या शब्दांत केंद्राचे नाव असेल, तर ते जगभरच्या रेडिओ केंद्रांच्या एखाद्या यादीत शोधले जाते. ट्यूनइन ही अशीच एक मोठी यादी आहे. नाव सापडले की त्या केंद्राचा आवाज इंटरनेटवरून आपल्या घरात येऊ लागतो. एवढे सगळे दोन-चार सेकंदांत होते.

शेतकऱ्याला समजेल असे सांगायचे, तर आकाशवाणीचा मनोरा हा पावसासारखा आहे. एकदा पडला की एका वावरात पडतो तसा हजार वावरांत पडतो, आणि कुणी किती घेतला हे ढगाला ठाऊक नसते. इंटरनेटचा रेडिओ म्हणजे पाटाचे पाणी. प्रत्येक घरासाठी वेगळे दारे धरावे लागते, आणि कुणी किती वेळ पाणी घेतले याची वहीत नोंद राहते. दोन्हींचा गुणदोष या एका फरकात आहे. पाटाचे पाणी लांबून आणता येते. परभणीच्या माणसाला कोल्हापूर ऐकता येते, आणि आखातात कामाला गेलेल्या मुलाला आपल्या जिल्ह्याचे केंद्र ऐकता येते. पण पाट कुठे फुटला, तर वावर कोरडे.

पाट फुटण्याच्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. पहिली जागा म्हणजे धन्याचा मोबाइल. कितीतरी घरांत डब्याला इंटरनेट मिळते ते घरातल्या कर्त्या माणसाच्या फोनवरून. तो फोन खिशात घालून मोटार चालू करायला विहिरीवर गेला, की घरातला रेडिओ मुका होतो. घरच्या बायकांना वाटते, डबा बिघडला. डब्यासाठी घरात कायमचे कनेक्शन हवे. तार घरापर्यंत आली असेल तर उत्तमच, नाही तर सिमकार्ड घालायचे छोटे वाय-फाय यंत्र मिळते ते घ्यावे. डेटा किती जाईल, ही भीती मात्र फार बाळगू नये. रेडिओचा साधा आवाज 64 किलोबिटने आला, तर तासाला सुमारे 29 एमबी लागतात. रोज चार तास ऐकले तरी महिन्याला साडेतीन जीबीच्या आत भागते. काही केंद्रांचा आवाज याच्या दुपटीने येतो, तेव्हा खर्चही दुप्पट धरावा. नातवंडे व्हिडिओ पाहून जे उधळतात, त्यापुढे हे काहीच नाही.

दुसरी जागा म्हणजे वीज. वीज गेली की डबा आणि राउटर दोन्ही झोपतात. वीज परत आली तरी रेडिओ आपणहून सुरू होत नाही. राउटर सावरायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, आणि मग पुन्हा हाक मारावी लागते. राउटरसाठी छोटी बॅटरी बाजारात मिळते. पण एकट्या राउटरला बॅटरी लावून डबा तसाच ठेवला, तर उपयोग शून्य.

तिसरी अडचण गावांच्या नावांची आहे, आणि ती शिकल्या-सवरल्यांनाही गोंधळात टाकते. या याद्यांमध्ये केंद्रांची नावे इंग्रजीत लिहिलेली असतात आणि बरीचशी जुनीच असतात. 2023 पासून सरकारी कारभारात ऑल इंडिया रेडिओ हे नाव सोडून आकाशवाणी हेच नाव वापरायचे ठरले. त्याच वर्षी औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले 2024 मध्ये. गावाने नवे नाव घेतले म्हणून यादी करणाऱ्याने ते घेतले असेलच असे नाही. तेव्हा एका नावाने केंद्र सापडले नाही, तर दुसऱ्या नावाने मागून पाहावे. 'आकाशवाणी' म्हणून लागले नाही तर 'ऑल इंडिया रेडिओ' म्हणावे, 'ए आय आर' म्हणावे. एकदा लागले, की कोणत्या शब्दांनी लागले ते कागदावर लिहून फळीला चिकटवून ठेवावे. मी असे कागद तीन घरांत पाहिले आहेत, आणि त्या तिन्ही घरांत रेडिओ रोज वाजतो.

आणि कोणत्याच नावाने लागले नाही तर? 2019 पासून आकाशवाणीची काही केंद्रे अलेक्सावर मिळू लागली, पण आपले केंद्र त्यांत असेलच असे नाही. अशा वेळी आडवाटेने जावे. आकाशवाणीचे न्यूजऑनएअर नावाचे ॲप फोनवर फुकट मिळते. त्यात देशभरची दोनशेहून अधिक प्रक्षेपणे आहेत आणि महाराष्ट्रातलीही पुष्कळ केंद्रे आहेत. फोन ब्लूटूथने डब्याला जोडावा, ॲपमध्ये केंद्र लावावे, आणि आवाज डब्यातून यावा. यात हाकेची गंमत निम्मी जाते हे खरे, पण केंद्र हमखास लागते.

आता आत्याबाईंच्या भांडणाकडे येऊ, कारण त्याचा तोडगा आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

डब्याच्या ॲपमध्ये 'रूटीन' म्हणून एक सोय असते. मराठीत त्याला ठरीव काम म्हणा. "मी हे शब्द बोलले की तू हे काम कर," असे त्यात एकदा सांगून ठेवता येते. बोलायचे शब्द आपण ठरवायचे, आणि काम म्हणून ती लांबलचक इंग्रजी आज्ञा मुलाने किंवा नातीने ॲपमध्ये टाइप करून ठेवायची. म्हणजे आजीने सोपे बोलायचे आणि अवघड बोलणे डब्याने आपल्या पोटात ठेवायचे. हे काम एकदाच करावे लागते, आणि पंधरा मिनिटांत होते.

शब्द निवडताना एक युक्ती सांगतो. डब्याची भाषा हिंदी ठेवावी, आणि मराठी व हिंदी दोन्हींत सारखेच चालणारे शब्द घ्यावेत. 'लाव' त्याला कळेलच असे नाही, कारण हिंदीत 'लगाओ' म्हणतात. पण 'चालू' आणि 'बंद' हे शब्द दोन्हीकडचे आहेत. 'रेडिओ चालू' आणि 'रेडिओ बंद' एवढ्या चार शब्दांवर एखाद्या म्हातारीचा सारा दिवस निघतो. दोन केंद्रे हवी असतील, तर 'सकाळचा रेडिओ' असली वाक्ये न घेता 'रेडिओ एक' आणि 'रेडिओ दोन' असे ठेवावे. 'एक' आणि 'दोन' यांतला 'दोन' हिंदीत 'दो' होतो, तेव्हा डबा गोंधळला तर तेवढा 'दो' म्हणायला शिकवावा. इतके आपल्या माणसांना जमते. एसटीच्या कंडक्टरशी आणि परप्रांतातल्या व्यापाऱ्याशी आपण बोलतोच की.

अलेक्सा हे नाव तोंडात बसत नसेल, तर तेही बदलता येते. एको, कॉम्प्युटर अशी दुसरी दोन-चार नावे त्यात ठरवून दिलेली असतात. एको म्हणायला सोपे आहे खरे, पण मराठी घरात "अहो, ऐका की" हे दिवसातून किती वेळा म्हटले जाते ते तुम्हीच मोजा. डब्याने तेवढ्या वेळा कान टवकारावेत, अशी कुणाची इच्छा नसावी.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. हे शब्द डब्यात घालताना जिला रेडिओ ऐकायचा आहे तिला समोर बसवा, आणि तिच्याच तोंडून दहा वेळा बोलवून घ्या. मुलगा आपल्या आवाजाने तपासून पाहतो, डबा त्याचे ऐकतो, तो समाधानाने पुण्याची गाडी पकडतो, आणि मागे आईचे ते ऐकत नाही. दात पडलेल्या माणसाचा 'रेडिओ' निराळा असतो. वऱ्हाडातला हेल निराळा, कोकणातला निराळा. ज्या शब्दावर डबा अडखळतो तो शब्द बदलायचा. त्यासाठी आईला तिचे बोलणे बदलायला लावू नका.

तसेच डबा ठेवायचा कुठे, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. मुलाच्या खोलीत पलंगाशेजारी तो ठेवला, की तो एकाचा झाला. माझे मत विचाराल तर तो माजघरात असावा, जिथून चुलीशी बसलेल्या बाईची हाक पोचते आणि ओसरीवरच्या माणसाला आवाज येतो. चुलीच्या धुरापासून आणि फोडणीच्या वाफेपासून तो चार हात लांब ठेवावा, म्हणजे झाले.

या मताला आधार आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे. 1956 साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे घेतली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक श्रोतामंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम व्हायचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ते ऐकायची, रेडिओ बंद झाल्यावर आपसांत चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायची. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. पाहणीचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि ते पॉल न्यूराथ या अभ्यासकाने पाहिले. तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली होती. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काहींत रेडिओच नव्हता. मंडळांच्या गावांत शेतकऱ्यांची माहिती जेवढी वाढली तेवढी इतरत्र वाढली नाही. नुसता रेडिओ असलेली गावे बरीच मागे राहिली. 1959 पासून हा उपक्रम देशभर नेण्यात आला.

आजचा डबा त्या वेळच्या पंचायतीतल्या रेडिओपेक्षा किती तरी हुशार आहे. पण चार माणसांनी मिळून ऐकणे आणि ऐकल्यावर "हे आपल्या काळ्या रानात चालेल का" असे एकमेकांना विचारणे, हे काम त्याला जमणार नाही. तो प्रश्न शेजारच्या पाटलीवर बसलेल्यालाच विचारावा लागतो. संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी आपोआप लागेल असे ठरीव काम डब्यात घालता येते. त्या वेळेला घरातली चार माणसे जवळपास असावीत, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

घड्याळ मात्र त्याच्यावर लावू नका. आकाशवाणीवर तासाला जे टोले पडतात ते इंटरनेटवरून येईपर्यंत शिळे झालेले असतात, कधी वीस-तीस सेकंदांनी, तर कधी मिनिटाने. एकाच घरात ट्रान्झिस्टर आणि डबा दोन्ही लावून बघा, बातम्या सांगणारी बाई एकदा अंगणात बोलते आणि थोड्या वेळाने तेच माजघरात बोलते. मुलांना याची मोठी गंमत वाटते.

आता घराच्या अब्रूविषयी दोन शब्द. डबा हाक ऐकण्यासाठी सदा कान देऊन असतो. हाक मारल्यानंतरचे बोलणे तो कंपनीकडे पाठवतो, आणि कधी कधी हाक नसतानाही चुकून जागा होतो. आपण काय ऐकतो, काय विचारतो, याची नोंद कंपनीकडे होते. ती नोंद ॲपमधून पाहता येते आणि पुसताही येते, आणि महिन्यातून एकदा मुलाकडून पुसून घ्यावी. डब्यावर माइक बंद करण्याचे बटण असते. एकोवर ते दाबले की लाल दिवा लागतो, म्हणजे कान बंद झाले असे समजावे. सोयरीक जुळवताना, वाटणीची बोलणी चालताना किंवा गायीचा सौदा करताना ते खुशाल दाबावे. अॅमेझॉनच्या डब्यात बोलून खरेदी करण्याची सोय असते, ती ॲपमधून पहिल्याच दिवशी बंद करावी. लहान मुलांच्या तोंडी एकदा ती लागली, की काय काय घरपोच येईल याचा नेम नाही.

इतके सांगितल्यावर कुणी विचारेल, मग जुना ट्रान्झिस्टर भंगारवाल्याला द्यावा का? मुळीच देऊ नये. मध्यमलहरींची जुनी प्रक्षेपण यंत्रे गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी बंद होत आहेत हे खरे आहे, आणि काही भागांत ट्रान्झिस्टरवर पूर्वीइतकी केंद्रे लागत नाहीत. म्हणून तर इंटरनेटच्या वाटेचे महत्त्व वाढले. पण ती वाट विजेवर, तारेवर आणि टॉवरवर अवलंबून आहे. 2019 च्या ऑगस्टमधला कोल्हापूर-सांगलीचा महापूर आठवा. वीज दिवसेंदिवस नव्हती, आणि हातातला फोन चार्ज करायलाही जागा नव्हती. अशा वेळी माजघरातला हुशार डबा उंबऱ्यातल्या दगडासारखा होतो. दोन सेलवर चालणारा लहानसा रेडिओ बरोबर उचलून माळावर नेता येतो.

आपल्या भागात अजून कोणते केंद्र हवेतून लागते, ते एकदा रात्री आणि एकदा दिवसा लावून पाहून घ्यावे आणि सुई तिथेच ठेवावी. सेल मात्र आत ठेवू नयेत. ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खातात. सेल कागदात गुंडाळून रेडिओच्या शेजारीच ठेवावेत, आणि ते कुठे आहेत हे घरातल्या सगळ्यात लहान पोरालाही सांगून ठेवावे.